शिडीवरचं लॅटिन

मच्छिंद्रबद्दल लिहायला बसलो खरा, पण मला त्याच्याविषयी जे ठाऊक आहे ते एका पोस्टकार्डावर मावेल आणि पत्त्याची बाजू कोरी राहील. सगळ्या मिळून आठ भेटी आणि पाच-सहा फोन. त्याच्या बायकोचं नाव मला माहीत नाही. मुलं किती, हे त्याने एकदा सांगितलं होतं, पण तेव्हा ड्रिल मशीन चालू होतं. "दोन" म्हणाला की "दोघी", ते मला नीट ऐकू आलं नाही आणि पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. आडनाव गर्जे, हे जॉब कार्डावर वाचलं. तो पाथर्डीकडचा होता, सोळा वर्षं कतारला होता, बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत राहायचा आणि एसी दुरुस्त करायचा. पोस्टकार्ड इथे संपलं.

मी फलटणजवळच्या एका सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं कंपाउंडर होतो. लिहिण्याचा माझा सराव बाटलीवरच्या चिठ्ठीपुरता: 'हलवून घेणे'. बायको गेल्यावर मुलगा मयूर मला दोह्याला घेऊन आला. तो आणि सून भैरवी सकाळी साडेसहाला बाहेर पडत. मग अल हिलाल भागातल्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मी आणि हॉलमधला एसी, असे दोघंच उरत असू. वय दोघांचंही झालेलं. फरक एवढाच, की त्याने कुरकुर केली की कंपनीचा माणूस येई.

पहिल्यांदा मच्छिंद्र आला तो फेब्रुवारीत. एसीतून पाणी गळत होतं आणि मी खाली बादली लावून बसलो होतो. तो शिडीवर चढला, झाकण काढलं, आत डोकावला आणि गंभीरपणे म्हणाला, "काका, युनिट लॅक्रिमोज झालंय."

मी घाबरलो. "बदलावा लागतो का तो?"

"कोन?"

"लॅक्रिमोज."

शिडी धरून उभा असलेला त्याचा जोडीदार इलियास मान खाली घालून हसला. तो मालेगावचा. मच्छिंद्रने वरूनच शर्टाच्या खिशातून एक छोटा चौकोनी कागद काढला, हात लांब करून डोळ्यांपासून दूर धरला आणि वाचला. "लॅक्रिमोज म्हंजे रडवेलं. लॅटिनमधी लॅक्रिमा म्हंजे आसू. हे युनिट रडतंय काका, दुसरं काय न्हाई. ड्रेन पाइप तुंबलाय."

कागदाची हकिगत अशी. दोह्याशेजारच्या लुसैलमध्ये एका ऑफिसात काम करताना त्याला कचऱ्याच्या पेटीजवळ टेबलावर ठेवायचं एक जुनं कॅलेंडर सापडलं होतं. रोज एक पान फाडायचं, पानावर एक चमत्कारिक इंग्रजी शब्द, तो कुठल्या लॅटिन शब्दातून आला ते, आणि अर्थ. कॅलेंडर काही वर्षांपूर्वीचं होतं. मच्छिंद्र रोज एक पान खिशात घालून कामावर निघे आणि तो शब्द दिवसभरात एकदा तरी वापरल्याशिवाय परत येत नसे. तारखेशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. फेब्रुवारीत तो ऑगस्ट वाचत होता.

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी सहसा बसतोच. पण सकाळपासून कुणाशी बोललो नव्हतो, म्हणून तोंडातून निघून गेलं, "लॅटिन आम्हालाही होतं थोडं, दवाखान्यात."

तो शिडीवरून खालीच उतरला. "तुम्हाला लॅटिन येतं?"

"छे छे. चिठ्ठीवर डॉक्टर लिहायचे तेवढंच. बी. डी. म्हणजे दिवसातून दोनदा. टी. डी. एस. म्हणजे तीनदा. पी. सी. म्हणजे जेवणानंतर. ए. सी. म्हणजे जेवणाआधी."

"ए. सी. म्हंजे काय?"

"जेवणाआधी. आंते सिबुम."

मच्छिंद्र इलियासकडे बघत राहिला. "ऐकलं का रे? सोळा वर्षं मी ए. सी. चा मानूस म्हनून फिरतोय. सोळा वर्षं मी जेवनाआधीचा मानूस हाये!" आणि त्याला असं हसू आलं की हातातला पाना बादलीत पडला.

त्या दिवसापासून मी 'लॅटिनवाले काका' झालो. मला एकूण सात संक्षेप येतात, त्यातले दोन मलमाचे आहेत, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, खरा विद्वान असंच बोलतो. मी आणखी दोनदा नाही म्हणालो, मग थकलो. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

पुढच्या खेपेला पाइप नव्हे, पंखा बिघडला. काम झाल्यावर मी चहा केला. मच्छिंद्र खुर्चीवर बसताना एक पाय लांबच ठेवायचा. मी जुना कंपाउंडर, पाय पाहिला आणि विचारलं, "गुडघा?"

"उजवा. डॉक्टर म्हनला, शिडी बंद करा. आता शिडी न चढनारा एसीवाला म्हंजे पोहता न येनारा मासा. आन् माझ्या तर नावातच मासा हाये."

मग त्याने सगळं सांगितलं. जूनअखेर त्याचा करार संपत होता. गुडघ्याचं कंपनीला कळलं होतं, त्यामुळे शिडीच्या कामासाठी करार पुढे वाढणार नव्हता. पण कंपनीच्या लुसैलच्या ऑफिसात कंप्लेंट डेस्क सुरू होणार होतं. एक खुर्ची, एक फोन, एक कॉम्प्युटर. लोकांच्या तक्रारी घ्यायच्या, इंग्रजीत लिहायच्या, माणूस पाठवायचा. त्या खुर्चीचा इंटरव्ह्यू मे महिन्यात होता.

"आणि नाही मिळाली खुर्ची तर?"

"तर पाथर्डी."

"गाव आवडत नाही का?"

"लई आवडतं. पन मी तिकडं करू काय? आमच्या गावात एकच एसी हाये, बँकेत. त्योबी नुसता भिंतीवर दाखवायला." त्याने बशीत चहा ओतला. "मला शेती येत न्हाई काका. दुकान टाकलं तर उधारीवर सगळं वाटून टाकीन. मला एकच येतं, मशीनला काय झालंय ते ऐकून वळखायचं. ते काम खुर्चीत बसूनबी जमतं. फोनवर नुसता आवाज ऐकवला तरी सांगतो मी, पंखा हाये का कंप्रेसर. पन खुर्चीवर बसायचं तर खुर्चीएवढे शब्द पायजेत ना!"

त्याचा हिशोब असा होता, की तक्रार करणाऱ्याच्या इंग्रजीपेक्षा तक्रार घेणाऱ्याचं इंग्रजी एक नंबर मोठं असलं पाहिजे. कॅलेंडर त्यासाठी होतं.

तिसऱ्या भेटीत काय बिघडलं होतं ते आठवत नाही. बहुतेक काहीच नाही, रिमोटचे सेल संपले होते. पण त्या दिवशीचं पान 'मसल'चं होतं. दंडाच्या स्नायूला इंग्रजीत मसल म्हणतात ते लॅटिनमधल्या उंदराच्या पिल्लावरून. दंड आवळला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखा दिसतो म्हणून.

"आन् आपन काय म्हनतो?" मच्छिंद्रने बाही वर करून दंड फुगवला. "बेडकी! त्यांच्या दंडात उंदीर, आपल्या दंडात बेडकी. इलियास, तू दाखव रे."

इलियासच्या दंडात दोन्हीपैकी काही नव्हतं.

"हे तर काहीच न्हाई," म्हणत मच्छिंद्रने दुसरं पान काढलं. ते खास राखून ठेवलेलं दिसलं. "प्युपिल. डोळ्यातलं काळं. लॅटिनमधी प्युपिला म्हंजे छोटी बाहुली. का, तर समोरच्याच्या डोळ्यात बघितलं की आपन बाहुलीएवढे दिसतो. आता सांगा काका, आपन मराठीत त्याला काय म्हनतो?"

"बाहुली," मी म्हणालो, आणि माझ्या अंगावर काटा आला. त्र्याहत्तर वर्षं मी डोळ्यातली बाहुली म्हणत होतो आणि ती बाहुली का, हे एकदाही मनात आलं नव्हतं. इतक्या दूरच्या लोकांनी समोरच्याच्या डोळ्यात पाहिलं, आपल्या लोकांनीही पाहिलं, आणि दोघांना बाहुलीच दिसली.

"पन खरंच दिसते का?" मच्छिंद्र म्हणाला. "का नुसतंच छापलंय?"

"बघायला हवं."

म्हणून आम्ही बघत होतो. मी खुर्चीत, तो माझ्यासमोर वाकलेला, नाकाला नाक लागायचं बाकी, दोघांचे डोळे वटारलेले. इलियास बाजूने मोबाइलचा उजेड पाडत होता. "हलू नका काका. आलो, आलो मी. टोपीसकट दिसतोय!" असं मच्छिंद्र ओरडला आणि त्याच क्षणी भैरवी दार उघडून आत आली. ती शिकवायची ती शाळा त्या दिवशी लवकर सुटली होती.

"बाबा?" ती म्हणाली. एवढंच. पण तो 'बाबा' मला अजून ऐकू येतो.

"मॅडम, एसीचं काम चालू हाये," मच्छिंद्र म्हणाला.

आता जॉब कार्डांकडे येतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथेच झाला. प्रत्येक कामानंतर काय केलं ते कार्डावर इंग्रजीत लिहून गिऱ्हाइकाची सही घ्यावी लागे. काम अपुरं राहिलं तर 'पेंडिंग' लिहायचं. मार्च महिन्यात कंपनीच्या ऑफिस मॅनेजर हजरा मॅडम यांनी हुकूम काढला, की यापुढे एकाही कार्डावर पेंडिंग हा शब्द दिसता कामा नये. मॅडम हैदराबादच्या. काम अपुरं राहू नये असा त्यांचा हेतू होता. मच्छिंद्रने तो हुकूम शब्दशः पाळला. त्याने शब्द बदलला.

कॅलेंडरात त्याला 'पेरेंडिनेट' सापडला होता. प्रोक्रास्टिनेट म्हणजे उद्यावर ढकलणं, हे शिकलेल्यांना माहीत असतं. पेरेंडिनेट म्हणजे परवावर ढकलणं. लॅटिनमध्ये परवाला वेगळा शब्द होता, त्याच्यावरून.

"काका, आपला परवा अजून भारी हाये," तो मला म्हणाला. "आपला परवा मागंबी जातो आन् पुढंबी जातो. परवा आलो होतो, परवा येईन. गिऱ्हाइकानं कसाबी धरावा."

तीन आठवडे त्याने कार्डांवर 'युनिट पेरेंडिनेटेड' असं लिहिलं. कुणीही विचारलं नाही. गिऱ्हाइकं सही करत, ऑफिस शिक्का मारी. शब्द इतका मोठा होता की त्याचा अर्थ माहीत नाही हे कबूल करायला कुणी तयार नव्हतं. फक्त स्टोअरमधल्या माणसाने तीन दुकानांकडे पेरेंडिनेटर या पार्टची चौकशी केली आणि दोन दुकानांनी तो आठवड्यात मागवून देतो म्हणून सांगितलं.

एवढ्यावर राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. बिघडवलं ते मी.

एप्रिलमध्ये एकदा मच्छिंद्रचा फोन आला. त्या दिवशीच्या पानावर पाणी पडून अर्थ पुसला होता, नुसता शब्द उरला होता. "पल्क्रिट्यूड. काका, हे काय असतं?"

मला माहीत नाही, असं म्हणायला किती वेळ लागतो? पण मी लॅटिनवाला काका होतो. मी शब्द दोनदा मनात म्हणून पाहिला. ऐकायला तो खरूज, बुरशी, पुळी यांच्या नात्यातला वाटला. दवाखान्यात तसल्या आवाजाचं काही आलं की मी गंधकाचं मलम द्यायचो.

"बुरशीसारखं काहीतरी असावं," मी म्हणालो. "ओलाव्याने येतं. घासून काढावं लागतं."

'असावं' म्हणालो होतो, हा माझा एकमेव बचाव.

त्याच आठवड्यात मच्छिंद्र लुसैलच्या एका टॉवरमध्ये एका बाईंच्या फ्लॅटमधले एसीच्या हवेचे डक्ट साफ करायला गेला. बाई तिथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवत. डक्टमध्ये काळी बुरशी साचली होती. त्याने तासभर घासून ती काढली आणि स्वच्छ अक्षरात कार्डावर इंग्रजीत लिहिलं: 'मॅडमच्या बेडरूममध्ये भरपूर पल्क्रिट्यूड आढळलं. केमिकल आणि ब्रश वापरून संपूर्ण काढून टाकलं. पुन्हा दिसल्यास ताबडतोब कळवावे.'

पल्क्रिट्यूड म्हणजे सौंदर्य. मलाही ते मागाहून, मयूरने फोनवर शोधून दाखवलं तेव्हा कळलं. इतका कुरूप शब्द सौंदर्याला कुणी दिला असेल, मला खरंच कल्पना नाही. पण दिला होता, आणि बाई इंग्रजीच्या होत्या.

त्यांनी कार्डाचा फोटो काढून कंपनीला पाठवला आणि खाली विचारलं, की याचा नेमका अर्थ काय घ्यायचा.

परक्या देशात, परक्या बाईच्या बेडरूमविषयी असं लेखी. यातलं गांभीर्य मला समजायला एक मिनिट लागलं. हजरा मॅडमनी मच्छिंद्रला बोलावून घेतलं. त्यांनी त्याची सगळी जुनी कार्डं काढली. त्यात सतरा पेरेंडिनेटेड निघाले.

"मच्छिंदर, ये क्या लिखे जी तुम?" असं त्या म्हणाल्याचं इलियासने मला फोनवर त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं. "तुमकू एसी साफ करने भेजे थे कि शायरी करने? इंटरव्ह्यू का नाम काट रई मैं!"

"और मच्छिंद्र काय म्हणाले?" मी हिंदीत सुरुवात करून मराठीत संपवलं.

"कुछ नहीं बोला, चचा. आपका नाम नहीं लिया उसने. बोला, मेरी ग़लती."

ते मला फार लागलं. बोट माझ्याकडे दाखवून तो मोकळा झाला असता. इंटरव्ह्यू दहा दिवसांवर होता. नाव कापलं गेलं म्हणजे जूनअखेर विमान.

त्या दुपारी मी मयूरच्या प्रिंटरमधले कागद घेऊन बसलो. मॅडमना फोन करायचं माझ्याने झालं नसतं. फोनवर अनोळखी बाईशी बोलताना माझा आवाज आधी जातो आणि मी मागून. चार कागद फुकट गेल्यावर पाचव्यावर पत्र उतरलं. इंग्रजी सरकारी वळणाचं होतं. मराठीत सांगायचं तर असं: 'आदरणीय मॅडम, नम्रपणे कळवतो की जॉब कार्डात उल्लेखलेलं पल्क्रिट्यूड माझं आहे. मच्छिंद्र गर्जे यांच्याकडे ते मुळीच नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि ते मी त्यांना दिलं. माझं वय त्र्याहत्तर असून यापूर्वी माझ्या हातून असं घडलेलं नाही. तरी त्यांना इंटरव्ह्यूस बसू द्यावे ही विनंती.'

अर्थ माझा होता, एवढंच मला म्हणायचं होतं. वाक्य काय सांगतंय ते मला पाकीट चिकटवून मयूरच्या हाती दिल्यावर, मध्यरात्रीच्या सुमारास अंथरुणात कळलं. तोपर्यंत पाकीट त्याच्या बॅगेत गेलं होतं. आणि बॅग त्याच्या खोलीत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. "अंकल?" पलीकडून बाईंचा आवाज. "हजरा बोल रई. आपका पल्क्रिट्यूड पहुँच गया."

मी उभा राहिलो. फोनवर का उभा राहिलो कोण जाणे.

त्यांना पुढे बोलता येईना. बराच वेळ नुसता हसण्याचा आवाज येत राहिला, मग पाणी प्यायल्याचा, मग पुन्हा हसण्याचा. शेवटी म्हणाल्या, की त्यांनी पत्र त्या शिक्षिका बाईंना वाचून दाखवलं. त्या बाईंनी तक्रार मागे घेतली आणि पत्राची प्रत मागितली. "नाम वापस लिख दी मैं. इंटरव्ह्यू में बैठने देती. आगे बड़े साब जानें. मगर उससे बोल देना अंकल, कार्ड पे वोइच लिखना जो प्लंबर भी पढ़ सके."

मी बोललो. मच्छिंद्रने एवढंच विचारलं, "काका, पल्क्रिट्यूड म्हंजे सौंदर्य, हे नक्की का? का हेबी 'असावं'?"

इंटरव्ह्यूच्या दिवशी सकाळी सहाला बेल वाजली. भैरवीने दार उघडलं आणि मला हाक मारली. "बाबा, कोणीतरी मतं मागायला आलंय."

दारात मच्छिंद्र. पांढरा स्टार्च केलेला शर्ट, पांढरी पँट, पांढरी टोपी, पांढरा रुमाल. बूटही पांढरे, इलियासच्या मेव्हण्याचे. तो हॉस्पिटलात वॉर्डबॉय होता आणि त्याचा पाय एक नंबर लहान होता, त्यामुळे आधीच लंगडणारा मच्छिंद्र आता दोन्ही पायांनी लंगडत होता.

"हे काय?" मी विचारलं.

त्याने पान पुढे केलं. 'कँडिडेट.' लॅटिनमधल्या पांढऱ्याशुभ्र या शब्दावरून. जुन्या रोममध्ये पदासाठी उभे राहणारे लोक खडूने घासून पांढरा केलेला पायघोळ अंगरखा घालून फिरत, म्हणून उमेदवाराला कँडिडेट. अर्थ शाबूत होता, पानावर पाणी पडलेलं नव्हतं.

"खरं हाये ना काका?"

"छापलंय तर खरंच असणार," मी म्हणालो. या खेपेला मी मयूरकडून तपासूनही घेतलं. खरं होतं. "आपल्याकडचे उमेदवार अजून तेच करतात की."

"म्हनून तर. आपल्याकडं लॅटिन न शिकता करतात." त्याने टोपी नीट केली. "कसा दिसतोय?"

"उमेदवार," मी म्हणालो. भैरवीने त्याला दही-साखर दिली. ती त्याने टोपी हातात धरून खाल्ली आणि दोन थेंब शर्टावर पाडून घेतले. तिनेच ते ओल्या फडक्याने पुसले. मग तो जिन्याचा कठडा धरून एक एक पायरी उतरत गेला, आणि मी वरून पाहत राहिलो. मला प्रार्थना वगैरे फारशी येत नाही. 'दिवसातून तीनदा, जेवणानंतर' असं काहीतरी मनात पुटपुटलो असेन.

इंटरव्ह्यूत काय झालं, याच्या दोन हकिगती आहेत.

मच्छिंद्रची अशी. मोठ्या साहेबांनी आधी विचारलं, हे पांढरे कपडे का? त्याने सांगितलं. साहेबांनी फोनवर तपासलं आणि भुवया उंच केल्या. मग हजरा मॅडम शेजारच्या खोलीत गेल्या आणि तिथून रागावलेलं गिऱ्हाईक होऊन टेबलावरच्या फोनवर ओरडल्या. तीन दिवस झाले, एसी बंद आहे, माणूस येत नाही! मच्छिंद्रने एकही लॅटिन शब्द काढला नाही. त्याने विचारलं, घरात लहान मूल आहे का, कुणी म्हातारं माणूस आहे का, मशीनचा आवाज घूं येतो का टक टक? फोन जरा मशीनजवळ धरा. हजरा मॅडमना तोंडाने टक टक करावं लागलं. "कॅपॅसिटर," मच्छिंद्र म्हणाला. "आज दुपारच्या, जोहरच्या नमाजाआधी मानूस येतो."

शेवटी साहेबांनी विचारलं, तक्रार अडकून पडली तर काय करशील?

"एक्सपिडाइट, सर," मच्छिंद्र म्हणाला. साहेब पुढच्या प्रश्नाकडे वळणार, तोच तो म्हणाला, "सर, एक्सपिडाइटमधी पाय हाये. लॅटिनमधी पेडेम म्हंजे पाय. अडकलेला पाय मोकळा करायचा, त्याला एक्सपिडाइट म्हनतात. माझा पाय शिडीत अडकलाय, सर. काइंडली एक्सपिडाइट."

साहेब दोन मिनिटं हसले, मग उठून त्यांनी हात मिळवला. ही मच्छिंद्रची हकिगत.

इलियासची अशी, की साहेब हसले नाहीत, शिंकले. स्टार्चचा वास त्यांना सोसत नव्हता. आणि त्या जागेसाठी आणखी एकच अर्ज आला होता. "चचा, दूसरे को अंग्रेज़ी फर्स्टक्लास आती थी, मगर टक टक सुनके वो बोला, 'कम इन'."

यातलं खरं काय ते मला माहीत नाही. खुर्ची मिळाली, एवढं खरं. सांगायला मच्छिंद्र स्वतः आला. ती आठवी आणि शेवटची भेट. खजुराचा डबा आणला होता. मी विचारलं, आता घरी कळवलं का? तो म्हणाला, "कळवलं की. बायको म्हनली, बसून बसून जाड व्हाल." तेवढ्यात त्याला ऑफिसातून फोन आला आणि यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, म्हणत तो गेला. बायकोचं नाव तेव्हा विचारता आलं असतं.

पुढे वर्षभर तक्रारीच्या नंबरावर फोन केला की कधी तो उचले, कधी दुसरं कुणी. तो असला तरी फार बोलणं होत नसे. डेस्कवरचे फोन रेकॉर्ड होतात, असं त्याने एकदा हळूच सांगितलं होतं.

मग मयूरचा करार संपला. पुण्याला परत जायचं ठरलं. निघायच्या चार दिवस आधी एसी पुन्हा बंद पडला. खरं तर आता तो दुरुस्त करून काय करायचं होतं, पण जून होता आणि चार दिवसही निघाले नसते. मी फोन लावला.

"गुड मॉर्निंग, कंप्लेंट डेस्क."

"मी गोविंदराव. अल हिलाल."

"काका! बोला. पानी गळतंय का हवा न्हाई?"

"हवा नाही."

"आवाज?"

मी फोन मशीनजवळ धरला.

"पंख्याची मोटर. इलियासला पाठवतो, अकरापर्यंत येईल. घरी हाये ना तुम्ही?"

"आहे. मच्छिंद्र, आम्ही या रविवारी..."

"एक मिनिट काका, दुसरी लाइन वाजतीय. घेऊ का?"

"हो हो, घ्या."